एम्पोरिया गॅझेट : एका लहान गावाच्या वर्तमानपत्राचा इतिहास

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या पूर्व भागात, निओशो आणि कॉटनवुड या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेले एम्पोरिया हे गाव विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम आठ हजार वस्तीचे होते आणि आजही त्याची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपासच आहे. तरीही अमेरिकी वृत्तपत्रांच्या इतिहासात या गावाचे नाव न्यूयॉर्क-शिकागोसारख्या महानगरांच्या जोडीने घेतले जाते आणि त्याचे श्रेय 'एम्पोरिया गॅझेट' या तेथील छोट्या दैनिकाला आहे. अमेरिकेत ज्याला 'कंट्री न्यूजपेपर' म्हणतात, म्हणजे शेतीवर जगणाऱ्या मुलखातील बाजारपेठेच्या गावातून निघणारे आणि त्याच पंचक्रोशीत वाचले जाणारे पत्र, त्याचा गॅझेट हा सर्वांत प्रसिद्ध नमुना मानला जातो. मराठीत अशा पत्रांना जिल्हापत्र असे नाव पूर्वीपासून रूढ आहे. गॅझेटचा विचार करताना त्याच्या गाजलेल्या अग्रलेखांकडेच लक्ष जाते आणि हे पत्र पोट कशावर भरत होते, हा प्रश्न मागे पडतो. वास्तविक त्याच्या धाडसाचा आणि त्याच्या मर्यादांचाही उलगडा या दुसऱ्या प्रश्नातूनच होतो.

कॅन्ससमध्ये वर्तमानपत्र हे पुष्कळदा गावाच्या बरोबरीनेच, कधी कधी गावाच्याही आधी जन्माला येत असे. १८५४ मध्ये हा प्रदेश वसाहतीसाठी खुला झाल्यावर जमिनीचे तुकडे आखून ते विकणाऱ्या 'टाउन कंपन्या' निघाल्या आणि ओसाड माळावर आखलेल्या गावाकडे पूर्वेकडील राज्यांतून वस्ती ओढून आणायची, तर त्या गावाचे गुणगान करणारे छापील पत्र हाताशी असणे त्यांना आवश्यक वाटू लागले. त्यात गुलामगिरी असावी की नसावी या वादाने हा प्रदेश पेटलेला असल्यामुळे प्रत्येक पक्षाला आपला छापखाना हवा होता. एम्पोरियाची आखणी १८५७ मध्ये झाली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात, गावात मोजकीच घरे उभी असताना, प्रेस्टन प्लम्ब या एकोणीस वर्षांच्या तरुणाने 'कॅन्झस न्यूज' हे साप्ताहिक सुरू केले. राज्याच्या नावातील अक्षरयोजना तेव्हा पक्की झालेली नसल्यामुळे त्याने ते नाव 'झ'च्या उच्चाराचे अक्षर घालून छापले होते. हाच प्लम्ब पुढे अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य झाला, यावरून त्या काळी छापखाना ही राजकारणात चढण्याची पायरी कशी होती हे दिसून येते.

अशा पत्रांचे अर्थकारण मोठे नाजूक असे. वर्गणीदार शे-पाचशे, त्यातले बरेचसे थकबाकीदार आणि काही तर वर्गणीऐवजी सरपणाच्या मोळ्या किंवा भाजीपाला आणून टाकणारे. त्यामुळे खरा आधार असे तो सरकारी छपाईचा. जमिनींचे लिलाव, न्यायालयीन नोटिसा, कर थकवणाऱ्यांच्या याद्या हा मजकूर कायद्याने एखाद्या स्थानिक पत्रात प्रसिद्ध करावा लागे आणि तो कोणत्या पत्राला द्यायचा, हे काउंटीचे, म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय घटकाचे, निवडून आलेले पदाधिकारी ठरवीत. साहजिकच जो पक्ष सत्तेवर त्याचे पत्र तगे आणि दुसऱ्याचे रडतखडत चाले. महाराष्ट्रातील जिल्हापत्रांच्या चालकांना हे गणित नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके यांची किरकोळ छपाई हा दुसरा आधार होता, तर मजकुराचा खर्च वाचवण्यासाठी 'आयते ताव' वापरण्याची सोय होती. शहरातील एखादी कंपनी कागदाच्या एका बाजूला क्रमशः कादंबरी, शेतीविषयक सल्ला, विनोद आणि पेटंट औषधांच्या जाहिराती छापून ते ताव गावोगाव पाठवी आणि स्थानिक संपादक उरलेल्या कोऱ्या बाजूवर आपल्या बातम्या छापून अंक पुरा करी. विस्कॉन्सिनमधील अँसेल केलॉग या संपादकाने १८६१ मध्ये यादवी युद्धामुळे छपाई कामगार मिळेनासे झाले तेव्हा ही युक्ती काढली आणि पुढे शिकागोत तिचाच मोठा धंदा केला. शेकडो गावांतील पत्रांचे निम्मे अंग त्यामुळे तंतोतंत सारखे असे, हे त्या पत्रांच्या स्थानिकपणाचे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

एम्पोरिया गॅझेटचा जन्म १८९० मधला. पाच वर्षांनी, १ जून १८९५ रोजी, विल्यम ॲलन व्हाइट या सत्तावीस वर्षांच्या पत्रकाराने ते तीन हजार डॉलरला विकत घेतले, तेव्हा त्याचा खप पाचशेच्याही आत होता आणि ही सगळी रक्कम उसनवारीची होती. व्हाइट यांचा जन्म एम्पोरियातच १८६८ मध्ये झाला होता, बालपण जवळच्याच एल डोराडो गावी गेले होते, खिळे जुळवण्याचे काम ते पोरवयातच शिकले होते आणि नंतर 'कॅन्सस सिटी स्टार' या शहरी दैनिकात त्यांनी लेखणी घासून घेतली होती. त्यांना पैसे देणाऱ्यांत गावातील सावकारी करणारी आणि रिपब्लिकन पक्षातील वजनदार माणसे होती. दिवंगत सिनेटर प्लम्ब यांच्या मालमत्तेतूनही त्यांना कर्ज मिळाले. अशा कर्जाची परतफेड नुसत्या व्याजाने होत नसते, आणि व्हाइट यांचे आरंभीचे राजकीय लेखन पाहिले तर ते रिपब्लिकन पक्षाच्या चौकटीतच बसलेले आढळते. मात्र सूत्रे हाती घेतल्यावर लिहिलेल्या पहिल्याच निवेदनात त्यांनी एक वेगळी गोष्ट स्पष्ट केली. हे पत्र राजकीय पद मिळवण्याचे साधन म्हणून आपण घेतलेले नाही, आपल्याला याच गावात म्हातारे व्हायचे आहे आणि येथील लोकांचा चांगला शेजारी म्हणून राहायचे आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता. प्लम्ब यांच्या पिढीच्या संपादकाला असे वचन देणे सुचलेही नसते.

गॅझेटच्या रोजच्या अंकाचा मोठा भाग 'लोकल्स' या सदरात मोडणाऱ्या बातम्यांनी व्यापलेला असे. लोकल्स म्हणजे दोन-तीन ओळींच्या सुट्या स्थानिक बातम्या : कोण कोणाकडे पाहुणा आला, कोणाचे दुखणे उतरले, कोणी नवी बग्गी घेतली, कोणाच्या शेतात किती गहू झाला. अशा गावातील बातमीदार मुख्य रस्त्यावरच्या दुकानांतून, न्यायालयाच्या इमारतीतून आणि अंत्यविधीचे साहित्य पुरवणाऱ्याच्या दारावरून फेरी मारीत असे, गाड्यांच्या वेळेला स्टेशनवर उभा राहून कोण चढले नि कोण उतरले हे टिपून घेत असे आणि परत येऊन ती टिपणे जुळाऱ्याच्या हवाली करीत असे. या सदरात एखाद्या गृहिणीकडील चहापानाला हजर असलेल्या सगळ्या बायकांची नावे आली, तर शहरी वाचकाला त्यात काहीच दिसणार नाही. पण गावातल्या माणसाला त्याच यादीत कोणाचे नाव नाही, हेही वाचता येते आणि त्या न आलेल्या नावामागचे भांडणही ठाऊक असते. व्हाइट यांनी १९१६ मध्ये 'हार्पर्स' मासिकात लहान गावच्या वर्तमानपत्रावर एक लेख लिहिला, त्यात त्यांनी हाच मुद्दा मांडला की परक्याला कंटाळवाणी आणि कोती वाटणारी ही पत्रे गावकऱ्यांसाठी परस्परांच्या आयुष्याचा सलग वृत्तांत असतात. त्याआधी १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'इन अवर टाउन' हे त्यांचे कथांचे पुस्तकही अशाच एका वृत्तपत्र कचेरीभोवती गुंफलेले आहे.

हे चित्र लोभस असले तरी अपुरे आहे. १९८९ मध्ये गॅझेटवर सविस्तर ग्रंथ लिहिणाऱ्या इतिहासकार सॅली फोरमन ग्रिफिथ यांनी दाखवून दिले आहे की गावाच्या एकोप्याची ही भाषा आणि गावातल्या व्यापाऱ्यांचे हित यांची गॅझेटमध्ये इतकी सरमिसळ झाली होती की दोहोंतली सीमारेषा खुद्द संपादकालाही आखता आली नसती. त्यामागे कारणही सबळ होते. शतकाच्या वळणावर टपालखात्याने खेड्यातील घरोघर टपाल पोहोचवण्यास सुरुवात केली, १९१३ पासून पार्सलेही घरपोच जाऊ लागली आणि शिकागोच्या बड्या दुकानांच्या जाडजूड सूचिपत्रांतून शेतकरी कुटुंबे कपड्यांपासून नांगरापर्यंत सारे परभारे मागवू लागली. स्थानिक दुकानदार बुडाला तर त्याची जाहिरात बुडते आणि जाहिरात बुडाली तर पत्र बुडते, ही साखळी कोणत्याही गावच्या संपादकाला कळत होती. म्हणून गावच्या पैशाने गावातच खरेदी करावी, हा उपदेश या पत्रांतून अखंड चालत असे आणि जत्रा, मिरवणुका, शाळेचे समारंभ यांचा गाजावाजा होत असे. त्या उपदेशात गावाविषयीची माया किती आणि धंद्याची गरज किती, हे वेगळे काढून दाखवणे कठीण आहे.

गॅझेटला गावाबाहेर नाव मिळाले ते १८९६ मध्ये, आणि तेही ज्या लेखामुळे मिळाले तो व्हाइट यांच्या उत्तम लेखांपैकी नव्हता. कॅन्ससमध्ये तेव्हा पॉप्युलिस्ट पक्षाचा, म्हणजे कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या जनता पक्षाचा जोर होता. जमिनींच्या किमतींचा फुगा फुटलेला, पाठोपाठ दुष्काळाची वर्षे, रेल्वे कंपन्यांचे भाडे चढे आणि शेतमालाचे भाव पडलेले, अशा स्थितीत चांदीची नाणी मुक्तपणे पाडून चलन सैल करावे आणि रेल्वेवर सरकारचा ताबा असावा, अशी त्या पक्षाची मागणी होती. व्हाइट यांनी आत्मचरित्रात दिलेल्या हकिकतीप्रमाणे ऑगस्टमधील एका तापलेल्या दिवशी टपाल घेऊन येताना रस्त्यात त्यांना काही वयस्क पॉप्युलिस्टांनी घेरले, काठ्यांनी ढोसले आणि वादात पुरते नामोहरम केले; संतापाने लालबुंद होऊन ते कचेरीत परतले आणि त्या तिरीमिरीतच त्यांनी 'कॅन्ससला झाले आहे तरी काय?' अशा अर्थाच्या मथळ्याचा अग्रलेख खरडून टाकला. १५ ऑगस्टच्या या अग्रलेखात, भांडवल आणि कर्तबगार माणसे या राज्यातून पळून जात आहेत आणि त्याला पॉप्युलिस्टांचा वेडाचार जबाबदार आहे, अशी झोड उठवलेली होती. शिकागो आणि न्यूयॉर्कच्या पत्रांनी तो उचलला आणि रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या मोहिमेचे सूत्रधार मार्क हॅना यांनी त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती देशभर वाटल्याचे सांगतात. लेख चुरचुरीत आहे यात शंका नाही, परंतु शेतकऱ्याच्या अडचणीला त्यात कोठेही उत्तर नाही, थट्टा तेवढी आहे. पुढे थिओडोर रुझवेल्ट यांच्या सहवासात व्हाइट सुधारणावादी बनले आणि पॉप्युलिस्टांच्या मागण्यांत पुष्कळ तथ्य होते हे त्यांनी उघडपणे मान्य केले. १९१२ मध्ये तर रुझवेल्ट यांच्या पाठोपाठ ते पक्षातूनही बाहेर पडले.

या प्रसिद्धीचा जो परिणाम गॅझेटच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा ठरला तो पैशाचा होता. राष्ट्रीय मासिके आणि प्रकाशक व्हाइट यांच्याकडे मजकूर मागू लागले, त्या लेखनातून मिळणाऱ्या मानधनामुळे कर्ज फिटले, नवी यंत्रे आली आणि काउंटीच्या छपाईवर किंवा पक्षाच्या मेहेरबानीवर पत्राचा जीव अवलंबून राहिला नाही. गॅझेटच्या स्वातंत्र्याची मुळे एम्पोरियाच्या मातीत होती असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात त्या मुळांना न्यूयॉर्कहून येणारे पाणी मिळत होते, आणि ज्या शेकडो गावच्या संपादकांना ते मिळाले नाही त्यांची लेखणी व्हाइट यांच्याइतकी मोकळी का राहिली नाही, याचा न्याय करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१९२१ ते १९२४ या चार वर्षांत गॅझेटने जे लिहिले त्यावर त्याची कीर्ती आज टिकून आहे. मे १९२१ मध्ये व्हाइट यांची सोळा वर्षांची मुलगी मेरी घोड्यावरून रपेट करीत असताना ओळखीच्या मुलाला हात करण्यासाठी वळली आणि रस्त्यावर झुकलेल्या झाडाची फांदी डोक्याला लागून तिचा अंत झाला. अंत्यविधीनंतर वडिलांनी १७ मे रोजी गॅझेटमध्ये तिच्यावर मृत्युलेख लिहिला. वृत्तसंस्थांच्या तारांमध्ये ती घोड्यावरून पडली असे आले होते, ते या लेखाने आधी दुरुस्त केले, कारण घोड्यावरून पडणारी मुलगी ती नव्हती. मग तिचे केस, तिची टोपी, गावातल्या पोराटोरांना मोटारीत कोंबून फिरवण्याची तिची हौस आणि शाळेतील कृष्णवर्णीय मुलींना विश्रांतीसाठी खोली मिळावी म्हणून चाललेली तिची धडपड, असा एकेक तपशील संयमाने मांडला. गावच्या पत्रातील मृत्युलेख हा एरवी ठोकळेबाज प्रकार. वाचकांनी या मुलीला रोज रस्त्यात पाहिलेले आहे हे धरूनच लिहिलेला असल्यामुळे हा लेख मात्र वेगळा उतरला आणि पुढे कित्येक वर्षे अमेरिकेतील शालेय पाठ्यपुस्तकांतून शिकवला गेला.

पुढच्याच वर्षी, जुलै १९२२ मध्ये, रेल्वेच्या कारखान्यांतील कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. एम्पोरिया हे सांता फे रेल्वेचे महत्त्वाचे ठाणे असल्यामुळे गावातील अनेक घरांची चूल रेल्वेच्या पगारावर पेटत होती आणि कामगारांना आमचा शंभर टक्के पाठिंबा आहे, अशा पाट्या दुकानदारांनी आपल्या काचांत लावल्या. कॅन्ससमध्ये औद्योगिक तंट्यांसाठी खास न्यायालय स्थापणारा कायदा होता. त्याचा आधार घेऊन गव्हर्नर हेन्री ॲलन यांनी अशा पाट्या म्हणजे संपाला चिथावणी ठरवून त्या काढण्याचा हुकूम सोडला. ॲलन हे व्हाइट यांचे जिवलग मित्र होते. व्हाइट यांना संपकऱ्यांचे सगळे म्हणणे पटत नव्हते, म्हणून त्यांनी गॅझेटच्या खिडकीत पाठिंबा एकोणपन्नास टक्के असल्याची पाटी लावली, आणि आपल्याला अटक करून दाखवा असे मित्राला आव्हान दिले. वॉरंट निघाले. २७ जुलैच्या अंकात 'एका चिंतातुर मित्रास' अशा अर्थाच्या शीर्षकाचा छोटासा अग्रलेख आला. भाषणस्वातंत्र्याची गरज सुबत्तेच्या आणि शांततेच्या दिवसांत फारशी भासत नाही, ती भासते अन्यायाच्या आणि खळबळीच्या काळात, आणि तेव्हाच ते आवळले तर सुव्यवस्थाही हाती राहत नाही, असा त्यातील युक्तिवाद होता. वर्षअखेर खटला काढून घेण्यात आला, १९२३ मध्ये या अग्रलेखाला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या औद्योगिक न्यायालयाच्या अधिकारांचा कणाच मोडून काढला.

गोऱ्या प्रोटेस्टंटांच्या वर्चस्वासाठी कृष्णवर्णीय, कॅथलिक आणि ज्यू लोकांविरुद्ध मुखवटे घालून दहशत माजवणाऱ्या कू क्लक्स क्लान या संघटनेविरुद्धची गॅझेटची मोहीम याहून जोखमीची होती, कारण येथे विरोधक म्हणजे दूरचा गव्हर्नर नसून वर्गणीदार आणि जाहिरातदारच असू शकत होते. १९२१ पासून गॅझेट क्लानची टिंगल करीत आले होते; १९२४ मध्ये राज्यातील दोन्ही प्रमुख पक्षांचे उमेदवार क्लानविरुद्ध ठाम बोलत नाहीत असे पाहून व्हाइट स्वतः गव्हर्नरपदासाठी अपक्ष उभे राहिले, मोटारीने राज्यभर फिरले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहूनही सुमारे दीड लाख मते घेऊन आले. पद मिळवण्यासाठी पत्र घेतलेले नाही, हे १८९५ मधले वचन या उमेदवारीने मोडले असा आक्षेप घेता येईल. पण निवडून येण्याची आशा त्यांना स्वतःलाही नव्हती. १९२५ मध्ये कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्याविना क्लानला राज्यात कारभार करण्यास बंदी केली.

व्हाइट २९ जानेवारी १९४४ रोजी वारले आणि त्यांच्या आत्मचरित्राला १९४७ मध्ये मरणोत्तर पुलित्झर मिळाले. त्यानंतर मुलगा विल्यम लिंडसे व्हाइट, मग नात आणि तिचा नवरा, त्यापुढे पणतू, अशा, स्वतः व्हाइट धरून, एकाच घराण्याच्या चार पिढ्यांनी गॅझेट चालवले. साखळी कंपन्यांनी गावोगावची पत्रे विकत घेण्याच्या काळात हे वेगळेपण नोंद घेण्याजोगे असले, तरी थोरल्या व्हाइट यांच्यानंतरच्या गॅझेटला इतर चांगल्या जिल्हापत्रांहून निराळे स्थान देण्याचे कारण दिसत नाही. एकविसाव्या शतकात अशा पत्रांच्या सबंध वर्गालाच ओहोटी लागली आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०२२ च्या अहवालानुसार २००५ पासून अमेरिकेतील अडीच हजारांवर, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त वर्तमानपत्रे बंद पडली, आणि ज्या काउंट्यांत एकही पत्र उरलेले नाही त्यांना 'बातम्यांचे वाळवंट' म्हटले जाऊ लागले. अशा स्थितीतही हा प्रकार निर्जीव झालेला नाही याचा दाखला एम्पोरियाच्या शेजारच्याच टापूतून मिळाला. जेमतेम दोन हजार वस्तीच्या मॅरियन गावातील 'मॅरियन काउंटी रेकॉर्ड' या साप्ताहिकाच्या कचेरीवर आणि मालकांच्या घरावर ११ ऑगस्ट २०२३ रोजी पोलिसांनी छापा घालून संगणक जप्त केले, दुसऱ्या दिवशी मालक-संपादकाच्या अठ्ठ्याण्णव वर्षांच्या आईचे निधन झाले, आणि तरीही १६ ऑगस्टचा अंक ठरल्या वारी निघाला.

गॅझेटविषयी एवढे तपशिलाने लिहिता येते याचे एक साधे कारण आहे. कॅन्ससची राज्य इतिहास संस्था १८७५ मध्ये स्थापन केली ती राज्यातील वृत्तपत्र संपादकांनीच, आणि पहिल्यापासून प्रत्येक गावच्या पत्राचा प्रत्येक अंक जमा करण्याचा प्रघात तिने पाडला. त्यामुळे पाहुण्यांच्या आणि गव्हाच्या त्या दोन ओळींच्या बातम्याही आज मायक्रोफिल्मवर वाचता येतात. मराठी जिल्हापत्रांच्या जुन्या फायली मात्र पुष्कळ ठिकाणी मालकांच्या माळ्यावर किंवा वाचनालयांच्या कोंदट खोल्यांत पडून आहेत. ज्यांच्या घरी अशा फायली असतील त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या सार्वजनिक वाचनालयाकडे किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे एकदा अवश्य विचारणा करावी.